बेरित ओस यांची कारकीर्द आणि त्यांची पाच तंत्रं: सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: नॉर्वेच्या बेरित ओस समाजवादी डाव्या पक्षाच्या जेमतेम वर्षभर अध्यक्ष होत्या, एकदाच खासदार झाल्या, मंत्री कधीच झाल्या नाहीत. तरी समाजवादी स्त्रीवादी राजकारणात त्यांचं नाव एवढं का घेतात? त्यांच्या नावावरची 'पाच तंत्रं' कोणती? आणि निवडून आलेल्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात ती कशी शिकवायची?

पदं मोजली तर ओस यांची कारकीर्द छोटीच दिसेल. पण मतपत्रिका कशी मोजली जाते, उमेदवारांची यादी कोण ठरवतं, सभेत कुणाचं बोलणं इतिवृत्तात जातं आणि कुणाचं हवेत विरतं, या गोष्टींकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिलं तसं त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या राजकारण्यांनी पाहिलं. त्या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि ओस्लो विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्र शिकवत. राजकारणाकडे त्यांनी नेहमी याच नजरेने पाहिलं. त्यामुळे त्यांची पाच तंत्रं त्यांच्या राजकारणातून वेगळी काढून शिकवली की अर्धा अर्थ निघून जातो, आणि प्रशिक्षणात चुकतं ते इथेच. म्हणून आधी कारकीर्द, मग तंत्रं.

जन्म 1928, फ्रेडरिकस्टाड. मृत्यू 2024, वयाच्या 96व्या वर्षी. राजकारणाची सुरुवात मजूर पक्षातून, ओस्लोजवळच्या आस्कर या नगरपालिकेच्या पातळीवर. हे आस्कर लक्षात ठेवा, कारण सगळ्यात शिकण्यासारखा भाग तिथलाच आहे.

1971 च्या स्थानिक निवडणुकीत नॉर्वेत एक गोष्ट घडली, तिला तिकडे 'महिलांचा उठाव' म्हणतात. मूळ शब्द सत्ता बळकावण्याचा आहे. आस्कर, ओस्लो आणि त्रोनहेम या तीन नगरपालिकांत महिला सदस्यांचं बहुमत आलं. हे मोर्च्यांनी किंवा भाषणांनी झालं नाही. निवडणूक कायद्यातल्या एका तरतुदीचा नीट वापर केल्याने झालं.

त्या काळी नॉर्वेच्या स्थानिक निवडणुकीत मतदार पक्षाची छापील यादीच मतपत्रिका म्हणून टाकत असे. पण पेटीत टाकण्याआधी त्याला त्या यादीत फेरफार करायचा हक्क होता. नको असलेलं नाव खोडता येई, हव्या त्या नावाला दुप्पट वजन देता येई, आणि दुसऱ्या पक्षाच्या यादीतलं नावही लिहिता येई. पक्षाला जागा किती हे एकूण मतांवरून ठरे, पण त्या जागांवर कोण बसणार हे या फेरफारांनंतरच्या वैयक्तिक मतांवरून ठरे. पक्षालाही एक सोय होती: आपल्या आवडत्या उमेदवारांची नावं तो आधीच दोनदा छापू शके, म्हणजे त्यांना सुरुवातीपासूनच दुप्पट मतं.

आता काल्पनिक आकडे घेऊन बघू. एका पक्षाला 1000 मतपत्रिका मिळाल्या आणि 10 जागा आल्या. पहिली 4 नावं दोनदा छापलेली, म्हणून त्यांची मतं 2000. त्यांना हलवणं जवळजवळ अशक्य. पण पाचव्या क्रमांकापासून पुढच्या प्रत्येकाची मतं सारखीच, 1000. मग पाचवा निवडून येतो आणि पंधरावी राहते, ती का? मतं सारखी असली की छापलेला क्रम बघतात, एवढंच कारण. समजा फक्त 30 मतदारांनी पाच ते दहा क्रमांकावरचे पुरुष खोडले आणि अकरा ते सोळा क्रमांकावरच्या बायकांना दुप्पट वजन दिलं. पुरुष उतरले 970 वर, बायका चढल्या 1030 वर. दहापैकी सहा जागांचं चित्र तीन टक्के मतदारांनी पालटलं, कारण बाकीच्या 970 जणांनी पेन्सिलीला हातच लावला नव्हता. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की लोक एकदम सावध होतात. प्रशिक्षणात हा जरूर मांडा.

या मोहिमेत तीन पथ्यं पाळावी लागत. पहिलं, ती पक्षांपलीकडची असावी लागे. डाव्या, उजव्या, मधल्या सगळ्या पक्षांच्या मतदार बायकांनी आपापल्या यादीत हेच करायचं. दुसरं, शक्यतो दुसऱ्या पक्षाच्या बाईचं नाव आपल्या पत्रिकेवर लिहायचं नाही, कारण त्याने आपल्या पक्षाच्या मताचा थोडा हिस्सा त्या पक्षाकडे जातो आणि मोहिमेवर 'पक्षद्रोह' असा शिक्का बसतो. तिसरं, नुसतं बाईला वाढीव वजन देऊन पुरत नाही, पुरुषाचं नाव खोडावंही लागतं. अंतर दोन्ही बाजूंनी वाढतं तेव्हाच निकाल पक्का होतो. खोडायला मात्र लोकांचा हात धजावत नाही. शेजारच्या ओळखीच्या माणसाच्या नावावर काट मारायची हे अवघडच. मोहिमेची सगळी ताकद हा संकोच मोडण्यात गेली.

या यशाची दुसरी बाजू बहुतेक लेखांत गाळलेली असते. पुढच्या म्हणजे 1975 च्या निवडणुकीत त्या तिन्ही ठिकाणचं महिलांचं बहुमत टिकलं नाही. देशभरातल्या स्थानिक परिषदांतलं महिलांचं प्रमाण 1967 मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होतं, ते 1971 मध्ये जवळपास 15 टक्क्यांवर गेलं आणि तिथे जवळजवळ थबकलं. खोडण्याचा हक्क हे दुधारी हत्यार होतं. मोहीम नसेल त्या वर्षी त्याच पेन्सिलीने बायकांचीच नावं खोडली जात. 2003 पासून स्थानिक निवडणुकीत नाव खोडण्याची सोयच नाही. आता मतदार वैयक्तिक पसंतीची मतं देऊ शकतो, पण कुणाला खोडू शकत नाही.

ज्यांना 1971 ची गोष्ट प्रेरणा म्हणून सांगायची आहे त्यांनी 1975 ही सांगावं. एका निवडणुकीतला उत्साह पुढच्या निवडणुकीत उरत नाही, नियम उरतो. ओस यांच्या पक्षाने पुढे नेमकं हेच केलं.

पण त्याआधी 1972. नॉर्वेने युरोपीय समुदायात जावं का यावर सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं. मजूर पक्षाचं नेतृत्व 'हो' म्हणत होतं, पण पक्षातले आणि कामगार संघटनांतले बरेच जण विरोधात होते. त्यांनी विरोधाचा प्रचार करायला स्वतःची माहिती समिती काढली, तिचं संक्षिप्त नाव आ-ई-को. सार्वमतात 53.5 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. पंतप्रधान त्रिग्वे ब्राटेली यांनी राजीनामा दिला. समितीतले काही लोक मजूर पक्षातून बाहेर पडले, त्यांनी 1973 मध्ये 'लोकशाही समाजवादी' हा पक्ष काढला आणि त्याच्या अध्यक्ष झाल्या बेरित ओस.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हा पक्ष, 1961 मध्ये मजूर पक्षातूनच फुटलेला समाजवादी लोकपक्ष, कम्युनिस्ट पक्ष आणि काही अपक्ष समाजवादी यांनी एकत्र निवडणूक लढवली. आघाडीला 11.2 टक्के मतं आणि 16 जागा. मजूर पक्षाच्या 62. सभागृह 155 चं. दोन्ही मिळून 78, म्हणजे बरोबर एका मताचं बहुमत. ओस आकेर्शहूस मतदारसंघातून निवडून आल्या आणि 1977 पर्यंत स्टोर्टिंगमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या संसदेत होत्या. त्या सभागृहात 155 पैकी 24 बायका होत्या. त्याआधीच्या सभागृहात 150 पैकी 14.

एका मताचं बहुमत किती नाजूक असतं हे गर्भपाताच्या कायद्यावरून कळतं. निर्णय स्त्रीचा असावा, हे मजूर पक्षाच्या सरकारचं आणि समाजवादी आघाडीच्या गटाचं धोरण होतं. पण समाजवादी गटातलेच एक खासदार ओट्टो हाउगलिन यांनी सदसद्विवेकाच्या मुद्द्यावर विरोध केला आणि प्रस्ताव पडला. 1975 मध्ये तडजोडीचा कायदा झाला, त्यात अंतिम निर्णय डॉक्टरांच्या मंडळाकडेच राहिला. पहिल्या 12 आठवड्यांत निर्णय स्त्रीचा, असा कायदा 1978 मध्ये झाला, तोवर ओस संसदेत नव्हत्या. राजकीय गटाचं धोरण आणि त्या गटातल्या प्रत्येकाचं मत यांत फरक पडू शकतो, आणि बहुमत काठावरचं असेल तर सगळं त्या फरकावर अडतं. स्त्रीवादी कायद्यांचा इतिहास वाचताना हे फार वेळा दिसतं.

मार्च 1975 मध्ये त्रोनहेमला आघाडीचा एक पक्ष झाला: समाजवादी डावा पक्ष, तिकडे आद्याक्षरांनी 'एसव्हे'. पहिल्या अध्यक्ष बेरित ओस. माझ्या मते त्यांची निवड होण्यात दोन गोष्टी होत्या. त्या जुन्या समाजवादी लोकपक्षाच्याही नव्हत्या आणि कम्युनिस्टही नव्हत्या, म्हणून दोघांनाही चालण्यासारख्या होत्या. शिवाय सार्वमताच्या प्रचारामुळे त्या देशभर माहीत झाल्या होत्या. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाने स्वतःला विसर्जित करायला नकार दिला आणि वेगळा राहिला. पुढच्या वर्षी, 1976 मध्ये अध्यक्षपद बेर्ये फुर्रे यांच्याकडे गेलं. 1977 च्या निवडणुकीत पक्षाला 4.2 टक्के मतं आणि फक्त 2 जागा मिळाल्या. सार्वमताने एकत्र आणलेले लोक सार्वमताचा विषय संपल्यावर एकत्र राहिले नाहीत. या घसरणीचा दोष ओस यांच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ती मतं पक्षाची नव्हतीच, 1972 च्या 'नाही'ची होती.

त्या वर्षभराच्या अध्यक्षपदाची टिकलेली गोष्ट म्हणजे कोटा. नव्या पक्षाने 1975 मध्येच पक्षाच्या समित्यांत आणि याद्यांत स्त्री-पुरुष दोघांनाही किमान 40 टक्के वाटा असा नियम केला. 'व्हेन्स्त्रे' हा उदारमतवादी पक्ष त्याआधी वर्षभर, 1974 मध्ये तिथवर पोहोचला होता. मजूर पक्षाने 1983 मध्ये स्वीकारला आणि तीनच वर्षांनी ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या मंत्रिमंडळात 18 पैकी 8 स्त्रिया होत्या. 1971 ची पेन्सिल आणि 1975 चा नियम शेजारी ठेवून बघा. पेन्सिलीने एका रात्रीत तीन नगरपालिका पालटल्या आणि चार वर्षांत ते गेलं. नियमाने दहा-बारा वर्षं घेतली, पण ते राहिलं.

मराठी वाचकांचा इथे हमखास एक घोटाळा होतो. 'नॉर्वेत महिला आरक्षण आहे' असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. नॉर्वेच्या संसदेत किंवा नगरपालिकांत कायद्याने राखीव जागा नाहीत. तिथे आहे तो पक्षांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम. कायद्याचा कोटा आहे तो दुसरीकडे, उदाहरणार्थ पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी, 2003 चा, 40 टक्क्यांचा. आपल्याकडे उलट आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा कायद्याने राखीव आहेत, पण पक्षांच्या आतल्या पदांवर तसं काही बंधन नाही. त्यामुळे ओस यांचा अनुभव आपल्याला जागा मिळवण्यापेक्षा जागा मिळाल्यानंतरच्या गोष्टींसाठी जास्त उपयोगी पडतो. आणि ती पाच तंत्रं नेमकी त्याबद्दलच आहेत.

नॉर्वेजियन शब्द आहे 'हेर्स्केटेक्निक', शब्दशः राज्य करण्याचं तंत्र. शब्द ओस यांचा नाही. इंग्याल्ड निसेन या नॉर्वेजियन विचारवंताने तो 1940 च्या दशकात वापरला होता. ओस यांनी तो उचलला आणि बायकांना सभेत, समितीत, विद्यापीठात कसं मागे ढकललं जातं हे त्यातून मांडलं. 1970 च्या दशकात त्यांनी हे व्याख्यानांतून आणि लेखांतून मांडायला सुरुवात केली.

पहिलं तंत्र, अदृश्य करणं. बाई बोलायला उभी राहते. समोरचे दोघे कागद चाळायला लागतात, तिसरा शेजाऱ्याच्या कानाला लागतो, चौथा उठून कॉफी आणायला जातो. कुणी तिला थांबवलेलं नाही, पण कुणी ऐकतही नाही. पंधरा मिनिटांनी तोच मुद्दा एक पुरुष मांडतो आणि 'यांनी म्हटल्याप्रमाणे' म्हणून इतिवृत्तात त्याचं नाव पडतं. यात एकाही माणसाने ठरवून काही केलेलं नसतं, म्हणून तक्रार कुणाविरुद्ध करायची हेच कळत नाही.

दुसरं, हसण्यावारी नेणं. आवाजाची नक्कल, कपड्यांवर शेरा, 'भावनिक होऊ नका', कोंबडीसारखी कलकल म्हणणं. बाई चिडली की 'विनोदबुद्धी नाही' हा पुढचा वार तयारच असतो.

तिसरं, माहिती दडवणं. प्रत्यक्ष सभेआधीच विषय ठरलेला असतो, हॉटेलात, शिकारीला, सौना म्हणजे वाफेचं स्नान घेताना. जिथे बायका नसतात अशा जागी. मग सभेत ती तयारी करून येते आणि तिला कळतं की निर्णय झालेला आहे. ओस यांच्या दृष्टीने हे पाचांतलं सगळ्यात राजकीय तंत्र म्हणता येईल, कारण इथे स्वभावाचा काही प्रश्नच नाही. कागद कुणाकडे पोहोचला एवढाच प्रश्न आहे.

चौथं म्हणजे आपली 'इकडे आड, तिकडे विहीर'. रात्री उशिरापर्यंत सभेला थांबली तर मुलांकडे लक्ष नाही, लवकर गेली तर राजकारणात गांभीर्य नाही. जोरात बोलली तर आक्रमक, हळू बोलली तर कमकुवत. काहीही केलं तरी दोष. या तंत्राचं नाव नॉर्वेजियनमध्ये दुहेरी शिक्षा असं आहे.

पाचवं, दोष आणि लाज माथी मारणं. अपमान झाला तर 'तूच तशी वागलीस', माहिती मिळाली नाही तर 'तू विचारलं का नाहीस'. हे पहिल्या चारांचा परिणाम आहे असं मी शिकवताना सांगतो. चार तंत्रं बराच काळ चालली की पाचवं बाहेरून कुणी करावं लागत नाही, बाई ते स्वतःलाच करायला लागते. पुढे ओस यांनी दोन आणखी जोडली: स्त्रीला वस्तू मानणं, आणि हिंसा किंवा हिंसेची धमकी.

आता प्रशिक्षण. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही पाच नावं पाठ करून घेणं. तसं केलं की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी भांडणात 'तुम्ही माझ्यावर तिसरं तंत्र वापरताय' असं म्हणतं. समोरचा म्हणतो, 'मी काही लपवलं नाही', आणि चर्चा त्याच्या हेतूवर जाते. तिथे बाई हरते, कारण हेतू कुणालाच सिद्ध करता येत नाही. ओस यांनी वर्णन केलं ते गटाच्या वागण्याचं, एका माणसाच्या मनाचं नाही. हल्ली नॉर्वे-स्वीडनमध्ये हा शब्द इतका रुळलाय की कुठल्याही कडक टीकेला लोक तो लावतात, पुरुष राजकारणीही एकमेकांना लावतात. मुद्द्यावरचा विरोध म्हणजे दडपण नव्हे. तुमचा मुद्दा ऐकून, त्याला उत्तर देऊन कुणी तो खोडला तर ते राजकारण झालं. मुद्दा ऐकलाच नाही तर ते पहिलं तंत्र. हा फरक पहिल्याच तासाला स्पष्ट करा, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं.

मी सुचवतो ती पद्धत अशी. नावं सांगण्याआधी एक खरी बैठक बघायला लावायची किंवा आठ-दहा जणींची खोटी बैठक भरवायची, वेळ 30 मिनिटं, विषय खरा, म्हणजे पाण्याची टाकी कुठे बांधायची असा. दोन निरीक्षक बाजूला बसतात. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे कागद. कागदावर चार रकाने: कोण बोललं, किती सेकंद, कुणी मध्ये तोडलं, आणि मुद्दा शेवटी कुणाच्या नावावर लिहिला गेला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. निरीक्षकांनी बैठक चालू असताना कुणाला टोकायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा, नाहीतर लोक सावध होऊन वेगळंच वागतात. बैठक संपल्यावर इतिवृत्त लिहिणारीचा कागद आणि निरीक्षकांचा कागद शेजारी ठेवायचे. जिथे नावं जुळत नाहीत तिथे बोट ठेवायचं आणि मगच पहिल्या तंत्राचं नाव सांगायचं. आधी अनुभव, मग शब्द. हा क्रम उलटा केला की लोक शब्दाला साजेसा अनुभव शोधायला लागतात.

तिसऱ्या तंत्रासाठी वेगळा सराव लागतो, कारण दडवलेली माहिती सभेत दिसत नाही. अलीकडचा एखादा ठराव घ्यायचा आणि त्याचा कागद उलट्या दिशेने शोधत जायचं: ठराव कुणी मांडला, त्याआधी मसुदा कुणाकडे होता, विषयपत्रिकेवर तो कधी चढला, नोटीस कुणाच्या घरी गेली आणि कुणाच्या हातात पडली. सरपंच बाई असेल आणि कागद तिच्या नवऱ्याच्या हातात पडत असतील, तर ती साखळी याच सरावात उघडी पडते. कुणावर आरोप करायचा नाही. फक्त प्रत्येक टप्प्यावर 'हे तुम्हाला कधी कळलं?' हा प्रश्न विचारायचा आणि तारीख लिहायची.

उत्तर कसं द्यायचं यावर ओस यांच्यानंतर स्टॉकहोम विद्यापीठातल्या एका गटाने काम केलं आणि प्रत्येक तंत्रासमोर एक प्रतिसाद ठेवला. अदृश्य केलं जात असेल तर जागा घ्यायची: बोलणं थांबवायचं, शांतता होईपर्यंत थांबायचं आणि मग तिथूनच पुढे बोलायचं. हे ऐकायला सोपं आहे, करताना पहिले पाच सेकंद फार लांब वाटतात, म्हणून प्रशिक्षणात ते प्रत्यक्ष करून घ्यावं लागतं. हसण्यावारी नेलं तर शांतपणे प्रश्न विचारायचा, 'यात हसण्यासारखं काय आहे ते सांगाल का?' सांगायची वेळ आली की विनोद गळून पडतो. माहिती दडवली असेल तर पत्ते टेबलावर मागायचे, म्हणजे 'हा कागद मी आत्ता पाहतेय, वाचायला वेळ हवा, विषय पुढच्या बैठकीत घ्यावा' असं म्हणून ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं. आड-विहिरीतून बाहेर पडायचं ते आपली प्राथमिकता स्वतः सांगून: 'आज मी आठला निघणार आहे, माझं मत लेखी देते.' आणि लाज माथी मारली जात असेल तर स्वतःपासून एक पाऊल मागे येऊन ही भावना कुठून आली, कुणी दिली, याचा विचार करायचा. एकटीने होत नाही, दुसऱ्या बाईशी बोलावं लागतं.

याच गटाने उलट्या बाजूनेही पाच गोष्टी मांडल्या, आणि माझ्या मते प्रशिक्षणात वेळ कमी असेल तर याच आधी घ्याव्यात: एकमेकींचं म्हणणं दिसू देणं, आदराने घेणं, माहिती देणं, काहीही केलं तरी दाद देणं, आणि वाजवी अपेक्षा ठेवणं. प्रत्यक्षात याचं रूप अगदी साधं असतं. एका सदस्य बाईचा मुद्दा हवेत विरला की दुसरीने म्हणायचं, 'मघाशी यांनी टाकीच्या जागेबद्दल जे सांगितलं त्यावर आधी बोलू.' नाव घेऊन म्हणायचं. मुद्दा पुन्हा तिच्या नावावर येतो आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही तो तसाच लिहावा लागतो. सभेत अशा दोघी जरी असल्या तरी पहिलं तंत्र फारसं चालत नाही. 1971 ला पक्षभेद बाजूला ठेवून बायकांनी जे पेन्सिलीने केलं, तेच हे आवाजाने करणं आहे. म्हणून वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्य बायकांना एकाच गटात बसवून हा सराव घ्या. एकाच पक्षाच्या बायकांमध्ये घेतला तर तो पक्षाचा कार्यक्रम होतो.

संसदेनंतर ओस यांनी बराच जीव लावला तो महिला विद्यापीठात. त्यासाठी 1983 मध्ये संस्था उभी राहिली आणि 1985 पासून हेडमार्कमधल्या लोटेन इथे शिक्षण सुरू झालं. कल्पना अशी की बायकांनी घरात, शेतात, शेजारात मिळवलेलं ज्ञान हे ज्ञान मानायचं आणि त्यावर अभ्यासक्रम बांधायचा. स्वतंत्र विद्यापीठ म्हणून ते ओस यांना हवं होतं तसं उभं राहिलं नाही. त्यातूनच पुढे हामारचं समानता केंद्र झालं. तरी राजकारणात बायकांनी फक्त जागा नव्हे, विषयही आणावेत, हा त्यांचा आग्रह लोटेनमध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका संसदेतल्या चार वर्षांत दिसत नाही. त्यांच्या समाजवादाचा गाभा मला तिथे दिसतो: श्रम कुणाचे मोजायचे आणि कुणाचे मोजायचे नाहीत हा प्रश्न.

त्यांच्याबद्दल लिहिताना दोन तपशील जपून लिहा. 'नॉर्वेच्या पहिल्या महिला पक्षाध्यक्ष' असं काही ठिकाणी ओस यांच्याबद्दल आणि काही ठिकाणी एव्हा कोल्स्टा यांच्याबद्दल लिहिलेलं सापडेल. कोल्स्टा 1974 मध्ये व्हेन्स्त्रेच्या अध्यक्ष झाल्या, ओस 1973 मध्ये लोकशाही समाजवाद्यांच्या. तो छोटा, दोन वर्षांत विलीन झालेला पक्ष धरला तर ओस, नाही धरला तर कोल्स्टा. कुठला निकष धरलाय ते वाक्यातच सांगा. दुसरं, समानता कायदा आणि त्याखालचं लोकपाल पद ओस यांच्या नावावर टाकू नका. तो कायदा 1978 चा, 1979 मध्ये लागू झाला आणि पहिल्या समानता लोकपाल कोल्स्टाच होत्या.

आणि नॉर्वेजियन कोशांत किंवा संसदेच्या नोंदींत त्यांना शोधणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर म्हणजे डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला 'ए', उच्चार 'ओ'. नॉर्वेजियन वर्णमालेत ते अगदी शेवटचं अक्षर आहे, त्यामुळे सूचीच्या सुरुवातीला नव्हे, शेवटच्या पानावर बघायचं. काही इंग्रजी सूचींत वर्तुळ गाळून नुसता एक 'ए' छापतात, काहींत दोन 'ए' लिहितात. तिन्ही रूपांनी शोधलं तरच सगळं हाती लागतं.